आधी वाटेवरच्या मिस्तरीला विचार

चि. सायकलस्वारास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून कागद घेतला. आजोबांची जुनी रॅले सायकल बाहेर काढून रोज असोद्याहून जळगावला, थेट एमआयडीसीपर्यंत जायचं हे तू ठरवलंस, त्यावर मी काही बोलणार नाही. पेट्रोल वाचतं, पोट कमी होतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. माझं डोकं फिरलं ते त्यापुढच्या भागाने. पुण्याचा कोणी जुन्या वस्तू जमवणारा म्हणतो, एकही मूळ भाग बदलू नको, किंमत जाईल. कंपनीतला मित्र म्हणतो, हे भंगारात घाल आणि गिअरवाली घे. आई म्हणते, हप्त्यावर ॲक्टिव्हा घे. सायकल वाटेत बंद पडायला लागली आणि तू या तिघांच्या मध्ये ती स्टँडवर लावून बसलास. तिघांनाही विचारलंस. मलाही विचारलंस. ज्याला विचारायला हवं होतं, त्याला मात्र नाही.

तुझ्या वाटेवर पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन जो कोणी मिस्तरी बसत असेल, त्याला विचार. मी आयुष्यभर एकच गोष्ट धरून राहिलो: वाटेवरच्या मिस्तरीला जे दुरुस्त करता येत नाही, ते रोजच्या सायकलीवर ठेवायचं नाही. मग ते इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचं असो, जपानचं असो, कितीही देखणं असो. कामावर सकाळी आठला पोचायचं असतं. साडेसातला वाटेत काही मोडलं तर तिथे पुण्याचा माणूस येणार नाही.

तुझ्या सायकलीचं नशीब चांगलं आहे, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तिचा साचा आपल्याकडे मेलाच नाही. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ ला निघाली, सोनिपतला ॲटलस १९५१ ला, लुधियानात हिरो १९५६ ला. सगळ्यांनी त्या इंग्लिश काळ्या सायकलीचीच मापं उचलली. २८ बाय दीडचा टायर, पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०, सळईचे ब्रेक, क्रँक दांड्याला घट्ट धरणारी कॉटर पिन, सगळं तसंच. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला. तरी टायर मिळतोच. कारण दूधवाला, रात्रपाळीचा वॉचमन, मळ्यावर जाणारा सालदार अजून याच मापावर चालतात. तू त्यांच्या जिवावर ही सायकल चालवणार आहेस, जमवणाऱ्यांच्या नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आता सायकलीकडे बघ. हँडलखाली पुढच्या बाजूला बिल्ला आहे, त्यावर नॉटिंगहॅम लिहिलंय की आसनसोलच्या सेन-रॅलेचं नाव आहे, ते वाच. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचं नाव असेल तर चिंधीने पूस, अक्षरांजवळ दोन आकडे ठोकलेले सापडतील. ते बनावटीचं वर्ष. फ्रेमचं वय त्यावरून ठरवता येईलच असं नाही, चाकं बदललेली असतात. पण आजोबांबद्दल गप्पा मारायला पुरेल.

इंग्लंडची रॅले निघाली तर मात्र एका ठिकाणी जपावं लागेल. बीबी म्हणजे क्रँकचा दांडा ज्या नळीत फिरतो ती. तिच्या कपाला तिथे इंचाला २६ आटे आहेत, बाकी बहुतेक सायकलींना २४. बाजारातला कप हाताने दोन फेरे फिरतो आणि अडकतो. मग कोणीतरी हुशार पान्याला पाइप लावून जोर करतो. असं कोणी करायला लागला तर सरळ पाना काढून घे. नळीतले आटे गेले की फ्रेम गेली. उजवीकडचा कप उलट्या आट्याचा असतो, तोही सहसा हलवायचा नाही. तू म्हणशील, काका, हा कप तर आपल्या मिस्तरीकडे मिळत नाही, तुमचा नियम इथेच मोडला. मोडला नाही. कप मिळत नाही म्हणूनच तो झिजू द्यायचा नाही आणि न झिजवण्याचं काम मिस्तरीला उत्तम येतं: रॉकेलने धुणं, ग्रीस भरणं, बेअरिंगचे पाव इंची छर्रे एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला ११ टाकणं. छर्रे काही रुपयांचे असतात. पावसाळा संपला की दरवर्षी नवे टाक, जुने चांगले दिसत असले तरी.

पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा टक्क होतं म्हणालास. ती कॉटर पिन. त्यासाठी सायकल विकायचा विचार करतोस? नवी पिन कानशीने थोडी घासून बसवायची, खाली लोखंडाचा आधार देऊन ठोकायची, मग नट आवळायचा. नटाने पिन ओढून बसवायला जाऊ नको, नटाचे आटे जातात. एका बाजूचा नट वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा खाली दिसला पाहिजे, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. चाळीसेक किलोमीटर चालवल्यावर परत ठोकून आवळ. आधार न देता हातोडी मारणारा मिस्तरी असेल तर दुसरा शोध. माझ्या नियमात मिस्तरी आहे म्हणून कुठलाही मिस्तरी चालेल असं नाही.

पंक्चरचं गाऱ्हाणं ऐकून हसू आलं. खानदेशात राहून पंक्चरचं आश्चर्य? बांधाकडेच्या वेड्या बाभळी आणि कडेच्या गवतात सराटे. कच्च्या कडेला उतरायचं नाही, ट्रॅक्टरला जागा देतानासुद्धा उतरून सायकल उचलून बाजूला घ्यायची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कंपनीच्या पत्र्याखाली सावली बघून लाव. उन्हात उभ्या सायकलीची पॅचं सुटतात आणि काठोकाठ भरलेली ट्यूब फुटते. आणि वॉलट्यूब. तुझी हवा रात्रीतून कमी होते ती निम्म्या वेळा पंक्चरने नसते, व्हॉल्ववरचं ते बोटाएवढं रबर उन्हाने कुजलेलं असतं. खिशात त्याचा तुकडा ठेव. आमची आजी उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायला लावायची, तू कांद्याशेजारी वॉलट्यूब ठेव.

पावसाळ्याचं थोडं गंभीर सांगतो. सळईच्या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबतं, रिम पोलादी, आणि ओलं पोलाद रबराला धरत नाही. पावसात सायकल थांबत नाही, थांबेल असं नुसतं वाटतं. म्हणून चौफुलीच्या बऱ्याच आधीपासून हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची. अजिंठा चौफुलीला हायवे ओलांडताना उतरून चालत जा. यात कमीपणा नाही. डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझतो, म्हणजे नेमका रस्त्याच्या मध्ये उभा असशील तेव्हा तू कोणाला दिसत नाहीस. मागे सेलवरचा लाल दिवा लाव. हा मिस्तरीला दुरुस्त करता येत नाही, हे मला कळतं. पण तो कुठल्याही दुकानात नवा मिळतो, म्हणजे तत्त्व तेच. आणि शेतातल्या काळ्या मातीच्या रस्त्याने शॉर्टकट मारू नको, मडगार्डमध्ये गारा भरला की वीस किलोची सायकल खांद्यावर घेऊन कंपनीत जावं लागेल.

वाऱ्याविरुद्ध दम लागतो म्हणालास, तर गिअरवाली घ्यायची गरज नाही. पुढच्या चकतीचे दात मोज. ४८ असतील आणि मागे १८, तर एका पायडलात सायकल सहा मीटर जाते. मागे २० दातांचं फ्रीव्हील घातलं की साडेपाच मीटरच्या आत येते. एवढ्याने गुडघे वाचतात. हे फ्रीव्हील ओझ्याच्या सायकलीवाले वापरतात, मागितलं तर मिळतं. तुझा पुण्याचा माणूस म्हणेल मूळ फ्रीव्हील गेलं. जाऊ दे. तो एमआयडीसीत पाळीला जातो का?

माझ्याबद्दल तुला कोणी काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. काकांनी हंबर सायकलीची वाट लावली म्हणतात. पुढच्या चाकाला दुहेरी नळ्यांचा चिमटा असलेली हंबर होती, वडिलांची, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला तो हब चालताना टिकटिक करायचा. भुसावळहून कारखान्यावर जाताना पहाटेच्या पाळीला रस्त्यावर तेवढाच आवाज असायचा. एक दिवस हबच्या आत जाणारी ती बारीक साखळी तुटली. मिस्तरी म्हणाला, भो, हे आपल्याकडे नाही भेटणार. मुंबईला चिठ्ठी पाठवून झाली, कोणी नातेवाईक शोधत फिरला, महिने गेले. तोपर्यंत मी पायी आणि मित्राच्या कॅरिअरवर. शेवटी त्याच मिस्तरीकडे ४० भोकांचा साधा हब घालून चाक बांधून घेतलं, आउट काढला म्हणजे चाक सरळ करून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पाळीला वेळेवर पोचलो. जुना हब त्याच्याकडेच राहिला. पुढे ते दुकानही गेलं.

मला त्याचं वाईट वाटत नाही. लोक येतात, सायकल बघतात, मागच्या चाकाकडे बघून तोंड वाकडं करतात. मी त्यांना सांगतो, ही सायकल निवृत्तीच्या दिवसापर्यंत कामावर गेली. ज्यांच्या सायकलींवर सगळं मूळ होतं, त्यांच्या सायकली माळ्यावर आहेत. आमच्या गेटवर पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. मग एकेक जण लुनावर गेला, मग स्कूटरवर, आणि स्टँडवर माझीच उरली. स्टँडवाला टोकन द्यायचाही बंद झाला, म्हणायचा, तुमची कोण नेतंय. मुलगा शाळेत असताना सांगायचा, पप्पा, गेटपर्यंत येऊ नका, अलीकडेच सोडा. सोडायचो अलीकडेच. तो आता नाशिकला आहे, त्याच्याकडे कार्बनची सायकल आहे, रविवारी चालवतो, तिचा एक भाग बिघडला की कुरिअरची वाट बघतो. मी काही बोलत नाही. तुझ्याशी बोलतोय म्हणून सगळं निघालं.

तर मुद्दा तोच. तुझ्या सायकलीवरची प्रत्येक वस्तू हातात घे आणि विचार, ही वाटेवरच्या मिस्तरीला जमेल का? फ्रेम, चिमटा, हँडल, क्रँक मूळचेच राहतील, त्यांना काही होत नाही. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचं रबर, पायडलं बाजारातली बिनधास्त लाव. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, एवढं लक्षात ठेव. चामड्याची सीट भेगाळली असेल तर साधी सीट बसव, तिच्यावर पुढे बघू. क्रोम आणि रंगाच्या भानगडीत पडू नको, पैसे जातात आणि चोराची नजर बसते. काळा रंग उडालेला राहू दे, तेलाची चिंधी फिरव.

एक मात्र कर. जे काढशील, पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेव. फ्रीव्हील, सीट, नट, जे असेल ते. हब निघाला तर हबसुद्धा. कोणाकडे ठेवायला देऊ नको. का, ते विचारू नको.

पुण्याच्या माणसाला आज फोन करून नाही म्हण. पैसे जास्त देतोय म्हणून रात्रभर विचार करत बसलास हे तुझ्या मेसेजमधून दिसतं. विकायची असेल तर विक, तुझी वस्तू आहे. पण रोज चालवायची आणि त्याच वेळी किंमतही टिकवायची, असं दोन्ही डोक्यात ठेवलंस तर ब्रेकचं रबर बदलतानासुद्धा हात थरथरेल. मला तुझ्या वयाचा असा माणूस बघवत नाही.

येत्या रविवारी मीच असोद्याला येतो. तू ती हायवेने भुसावळपर्यंत आणू नको. दोन डझन पाव इंची छर्रे, दोन कॉटर पिना, ग्रीसचा छोटा डबा आणून ठेव. रॉकेल मिळालं तर ठीक, नाहीतर बाटलीभर डिझेल. २० दातांचं फ्रीव्हील मी इथून आणतो. घरच्या ओट्यावर काम करायचं नाही, मिस्तरीच्या दुकानासमोर सावलीत बसायचं. त्याला आधी सांगून ठेव, गिऱ्हाईक नसताना बघायला ये म्हणावं, आणि मी चुकलो तर मला टोक म्हणावं. तुझ्या आईशी ॲक्टिव्हाबद्दल मी बोलतो. भरीत केलं असेल तर जरा गोडीने बोलेन.

तुझा,
काका