मागचे पाय घसरणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी चाकांची गाडी घ्यावी का?

गाडी, म्हणजे कुत्र्याच्या मागच्या अंगाला बांधायची चाकं, तिचं मागाहून बघू. आधी सांगा, घरात लादी कसली आहे?

तुम्ही लिहिलंय की तुमचा लॅब (लॅब्रॅडोर) 12 वर्षांचा आहे, उठताना मागचे पाय घसरतात, बाहेर मातीवर मात्र बरा चालतो, आणि घरचे म्हणतात गाडी तरी घ्या नाहीतर ‘काय तो निर्णय’ तरी. ते ‘मातीवर बरा चालतो’ वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. मातीवर चालणारा कुत्रा घरात पडत असेल तर आधी लादीकडे बघा, कुत्र्याकडे नंतर.

आमचं घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने अर्ध्या घराची कौलं नेली आणि एक माड थेट माजघरात आला. घर उभं करायचंच होतं, तर माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे डोंबिवलीच्या, ठरवलं की आता शेणाची जमीन नको. पैसे त्याचे, म्हणून पसंतीही त्याची. ओटीपासून पडवीपर्यंत पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, तोंड बघून घ्यावं अशा. आई म्हणाली, ‘मी पडेन रे यावर.’ आई नाही पडली. बंड्या पडला.

बंड्या गावठी, तेव्हा 11 वर्षांचा, सगळा जन्म सारवलेल्या जमिनीवर काढलेला. मातीत नखं रुततात, टाइलवर काय रुतणार? काम संपून महिना झाला नाही तर तो भिंतीला अंग लावून चालायला लागला. मग ओटी ओलांडायचंच सोडलं, दाराशी उभा राहून आत बघायचा. चालणं कमी झालं की मांड्या झडतात, मांड्या झडल्या की सगळा भार सांध्यांवर, सांधे दुखले की चालणं आणखी कमी. हे मला नंतर समजलं. तेव्हा मी एवढंच केलं, की दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाट अंथरले, सरकू नयेत म्हणून कडेला चिकटपट्ट्या मारल्या. बंड्या त्या गोणपाटांवरून बरोब्बर चालायचा. एक पाऊल बाहेर नाही.

सप्टेंबरात गणपतीला दादा आला. ‘ओटी आहे की रेशनचं गोदाम?’ म्हणाला आणि सगळे गोणपाट गुंडाळून गोठ्यात टाकले. मी काही बोललो नाही, सणासुदीला कशाला. संध्याकाळी आरतीला घर भरलेलं, झांजा सुरू झाल्या. बंड्या दचकून उठला, दोन पावलं टाकली आणि मागचे दोन्ही पाय बेडकासारखे फाकले. पुढच्या पायांनी ओढत राहिला. नखं टाइलवर घासल्याचा तो आवाज झांजांतूनही ऐकू येत होता. मी हातातलं तबक वहिनीकडे दिलं, टॉवेल घेतला आणि त्याच्या पोटाखाली घातला.

हे टॉवेलचं लक्षात ठेवा, गाडीच्या आधी हे. मागच्या पायांच्या पुढ्यात पोटाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं वर आपल्या हातात, आणि कंबर जराशी तोलून धरायची. उचलून न्यायचं नाही. चालायचं त्याने.

त्याच रात्री दादाने दुसरा पराक्रम केला. स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली दुखण्याची गोळी, अर्धी, मोदकात दडवून बंड्याला चारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बंड्याला डांबरासारखी काळी शी झाली, म्हणजे पोटात रक्तस्राव. ताबडतोब दापोलीला नेला म्हणून वाचला. माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे कुत्र्याला द्यायची नाहीत. जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंदच आहे, गिधाडांपायी. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. इथून वर म्हसळ्याच्या चिरगावात उरलीसुरली आहेत, त्यांना विचारा. बंड्याला पुढे डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध चालू केलं, पण रक्त तपासून, वजन करून, पोटात अन्न असताना. डोस विचारू नका, मी सांगणार नाही.

घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. मांजरं तर दुखतंय हे कळूच देत नाहीत. उडी मारणं सोडतात, पाठ चाटणं सोडतात, आणि आपण म्हणतो वय झालं. आमच्या मनीला खिडकीखाली दोन पाट एकावर एक रचून दिले, परत खिडकीत जाऊन बसायला लागली.

डॉक्टरांनी बंड्याचे खुबे हलवून बघितले, मांड्या चाचपल्या आणि काट्यावर उभा केला. ‘दोन किलो उतरवा, अर्धं काम तिथेच होईल.’ आई त्याला स्वतःच्या ताटातला भात घालायची, तो बंद करायला मला आईशी जेवढं भांडावं लागलं तेवढं दादाशीही नाही. तुमच्या लॅबचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरूनच अंदाज आला. नखं कापा, पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापा, त्याने पकड येते. आई निर्गुडीचा पाला गरम करून शेकायची. पाल्याचा गुण की नुसत्या उबेचा, देव जाणे, पण बंड्या डोळे मिटून पडून राहायचा. बाम मात्र चोळू नका. चाटतो, आणि ते विष आहे.

गणपती गेले, दादा गेला, आणि मी गवंड्याला बोलावून पडवीतल्या टाइल्स उचकटल्या. खाली साधा कोबा, ओला असतानाच वरून खराटा फिरवून रेघा पाडून घेतल्या. दादा फोनवर ‘माझे पैसे मातीत घातलेस’ म्हणाला आणि वर्षभर बोलला नाही. बंड्या त्या पडवीत आणखी दोन वर्षं चालला.

आता ते ‘मातीत’ म्हणणाऱ्याचं सांगतो. गेल्या वर्षी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मे महिन्यात आला तो ओटीवर टेकलाच नाही, पडवीत खुर्ची टाकून बसला. वहिनीने बाथरूमसाठी रबरी चटई आणली होती. मी बघितली, बोललो नाही.

टाइल्स नसत्या तरी बंड्याचे सांधे झिजणारच होते, असं डॉक्टर म्हणाले. हे दादाला अजून सांगितलेलं नाही. आणि एका रात्रीत पाय गेले असतील, किंवा मान वाकडी करून एका बाजूला कोसळत असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचीडतापानेही सांधे सुजून कुत्रा लंगडतो, म्हणून वयावर खापर फोडण्याआधी रक्त तपासून घ्या. पावसाळ्यात अंथरूण कोरडं ठेवा. आम्ही गोणीत पेंढा भरून वर घोंगडी घालायचो, पेंढा दर आठवड्याला बदलायचा. एका कुशीवर पडून राहिला तर खुब्याला जखम होते, तिच्यावर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. शेवटचे दोन महिने आम्ही रात्री पाळ्या लावल्या होत्या.

तर गाडी. पुढचे पाय आणि खांदे भक्कम असतील तरच. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, कारण तीत त्याला बसता-झोपता येत नाही, आणि पट्टा जांघेत घासतो. सपाट जागा हवी. आमच्याकडे घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तिथे चाकं काय करणार? ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर चालायची, सुक्या वाळूत रुतायची. आमची प्लंबरने पीव्हीसी पाइपांची करून दिली होती, चाकं लहान मुलाच्या सायकलची. बंड्याने सगळी मिळून दहा-बारा वेळा वापरली असेल. गोठ्यात टांगलेली आहे, या बाजूला आलात तर घेऊन जा. तुमच्या लॅबला ती व्हायची नाही, पण सांधे कसे जोडलेत ते बघून तुमचा प्लंबर मोठी करून देईल.