टायमिंग चेनचं किट: कंपनीचं, सप्लायरचं की लोकल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची डिझेल डिझायर, १ लाख ४० हजार किलोमीटर, सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड येते. गॅरेजवाल्याने टायमिंग चेनचं किट (इंजिनातला क्रँक आणि व्हॉल्व उघडणारा कॅम यांना जोडणारी साखळी आणि तिच्या सोबतचे भाग) बदलायला सांगितलंय आणि तीन भाव दिलेत. एक मारुतीच्या खोक्यातलं, दुसरं एका नावाजलेल्या सप्लायरच्या खोक्यातलं, आणि तिसरं ‘हेही तसंच असतं’ असं सांगून पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. यातलं कुठलं घ्यावं?

तिसरं घेऊ नका. पहिल्या दोघांपैकी कुठलंही चालेल, पण ते खरंच खोक्यावरच्या नावाचंच आहे याची खात्री करून. ती खात्री कशी करायची हे सविस्तर सांगतो. मी भोसरीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अठरा वर्षं इन्स्पेक्शनला होतो, आणि माझ्या स्वतःच्या गाड्यांचं बरंचसं काम मी समोर उभा राहून करून घेतो.

सगळ्या पार्टना एकच मापदंड लावता येत नाही. पार्ट घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा गेला तर सोबत काय घेऊन जाईल? केबिनचा फिल्टर हलका निघाला तर धूळ येईल, बदलून टाकू. पण तुमच्या १२४८ सीसी इंजिनात चेन दात सोडून सरकली तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात. रॉकर मोडतात, व्हॉल्व वाकतात, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. म्हणजे किटमध्ये वाचवलेले पैसे हेडच्या कामात कित्येक पटींनी जातात. चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), ऑइल फिल्टर, हेड गॅस्केट, वॉटर पंप, बेअरिंग शेल या मंडळींच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

हे मी फार महागात शिकलो. २००९ मध्ये माझ्याकडे डिझेल इंडिका होती. तिला चेन नाही, टायमिंग बेल्ट. बेल्ट मी चांगल्या कंपनीचा घेतला आणि टेन्शनरचं बेअरिंग मात्र दुकानदाराने ‘चालतं साहेब, सगळे हेच नेतात’ म्हणून दिलेलं. खोकं नामांकित कंपनीचं, छपाई थोडी फिकट. मी रोज व्हर्नियर हातात धरणारा माणूस, आणि ते बेअरिंग बोटावर फिरवूनही पाहिलं नाही. आठ-नऊ हजार किलोमीटरवर, खंबाटकी घाट चढताना बेअरिंग जाम झालं, बेल्ट उडाला, गाडी जागेवर. आई मागच्या सीटवर होती आणि मागून ट्रक येत होते. इंजिनाचा खर्च मी केव्हाच विसरलो, ती दहा मिनिटं विसरलेलो नाही. म्हणूनच इतकं लांबलचक लिहितोय.

आता खोक्याबद्दल. मारुतीच्या गाडीतला प्रत्येक पार्ट मारुती स्वतः बनवत नाही. कुणी चेन पुरवतो, कुणी गॅस्केट, कुणी फिल्टर. इंजेक्टर-नोझल म्हटलं की आपल्या नाशिकचा बॉशचा कारखाना आठवतो. तोच सप्लायर तोच पार्ट स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतो, थोडा स्वस्त. तुमचं इंजिन तर मुळात फियाटचं डिझाइन. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, फियाट-टाटासाठी आपल्या रांजणगावला. स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगा, व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळीकडे तेच. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल बंद केलं, तरी रस्त्यावर या इंजिनाच्या गाड्या भरपूर आहेत. त्यामुळे पार्ट मुबलक मिळतात, आणि नकलाही मुबलक.

पण ‘सप्लायरचं म्हणजे तेच’ हे डोळे मिटून मानू नका. एकाच नावाचा उत्पादक गाडी कंपनीसाठी एका मापाचा माल बनवतो आणि खुल्या बाजारासाठी कधी कधी वेगळ्या कारखान्यातला किंवा बाहेरून आणलेलाही त्याच खोक्यात भरतो. वाईट असतो असं नाही, वेगळा असू शकतो. कुठे बनलं ते खोक्यावर वाचा. आणखी एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते: सप्लायरच्या खोक्यातल्या पार्टवर गाडी कंपनीचा लोगो घासून काढलेला दिसतो. त्या लोगोसह माल खुल्या बाजारात विकायचा हक्क सप्लायरला नसतो, म्हणून घासतात. त्यामुळे घासलेला लोगो हा नकली मालाचा पुरावा नाही. आणि अस्सल मालाचाही नाही, कारण हे कळल्यावर नकलवाल्यांनीही घासायला सुरुवात केली.

खोकं हातात आलं की पार्ट नंबर, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-साल आणि एमआरपी पाहा. पाकीटबंद मालावर नाव-पत्ता, महिना-साल आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव असेल तर ठेवून द्या. नंबर तुमच्या चेसिस नंबरवरून मारुतीच्या पार्ट काउंटरवर काढून घ्या, गॅरेजवाल्याच्या पाठांतरावर जाऊ नका. एसकेएफ आणि शेफलर यांची कोड तपासायची अ‍ॅप आहेत, बेअरिंग घेताना दुकानातच स्कॅन करा. होलोग्रामवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. अस्सल रिकामी खोकी भंगारातून उचलून त्यात लोकल माल भरणारे आहेत. म्हणून काम झाल्यावर आपलं खोकं फाडून टाकत जा.

खरी परीक्षा पार्टची. किट उघडल्यावर प्लॅस्टिकच्या गाइड, म्हणजे चेन ज्यावरून घसरते त्या पट्ट्या, आधी बघा. कडेला साच्याच्या फुगलेल्या रेषा, पृष्ठभागावर खड्डे, रंगात ढगाळपणा दिसला तर ते पुनर्वापरातलं प्लॅस्टिक समजा. गरम ऑइलमध्ये ते ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, जातात. चेनच्या प्लेटांवर उत्पादकाचा ठसा स्पष्ट हवा. चेन आडवी, तिची कड वर करून दोन्ही टोकांना धरा. नवी चेन बरीचशी सरळ राहते, पिन सैल असलेली कमानीसारखी लोंबते. जुनी काढल्यावर तिच्यासोबत हाच खेळ करा, फरक डोळ्यांनी दिसेल. मग दोन्ही शेजारी-शेजारी टांगा. कड्या तितक्याच असून जुनी लांब भरली तर ती खरंच ताणली होती, म्हणजे निदानही तपासून झालं.

स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दातांना उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. दाताच्याच, पण जिथे चेन बसत नाही अशा बाजूला बारीक कानस हलकेच लावून पाहा. कडक पृष्ठभागावरून कानस घसरते, मऊ असेल तर चावते. अर्थात दुकानात हे कुणी करू देणार नाही, विकत घेतल्यावर करायचं. चावली तर पार्ट बसवायचा नाही. टेन्शनरचा दांडा अडखळता कामा नये, आणि ऑइलचं छिद्र स्वच्छ हवं, त्याच्या तोंडाशी धातूचा काटा नको. शेवटी घरातल्या वजनकाट्यावर जुना आणि नवा टेन्शनर ठेवा. वजनाची चोरी हा नकलेचा सगळ्यात जुना धंदा आहे.

बाकीच्या पार्टबद्दल थोडंच. हेड उघडावं लागलंच तर बऱ्याच डिझेल इंजिनांत गॅस्केट दोन-तीन जाडीत येतं आणि कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून जाडी ओळखतात. ‘सगळं एकच’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ताणून बसणारे हेड बोल्ट नवेच हवेत. थर्मोस्टॅट घरी तपासता येतो: पातेल्यात पाणी तापवा, दोऱ्याने थर्मोस्टॅट सोडा, थर्मामीटर ठेवा, त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागतो का पाहा. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून ब्रॅकेट, कव्हर, अगदी हेडसुद्धा आणलं तरी हरकत नाही, फक्त हेड लेथवाल्याकडून तपासून घ्या. पण जुनी चेन आणि जुना टेन्शनर कुणी फुकट दिला तरी नको.

किट घेण्याआधी एक काम करा, आजच. डिपस्टिक काढा. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावतं आणि टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. लेव्हल खाली गेली, चुकीच्या ग्रेडचं ऑइल पडलं किंवा फिल्टर भिकार असला, तर चेन धड असूनही सकाळी खडखड येऊ शकते. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि मारुतीचा फिल्टर टाकून आठवडाभर ऐका. आवाज गेला तर सुटलात. गरम इंजिनावरही राहिला तर गाडी फार चालवू नका.

खरेदी पुण्यात असेल तर नाना पेठेत जा, पण असं दुकान निवडा जिथे जीएसटीचं पक्कं बिल मिळतं आणि बिलावर पार्ट नंबर लिहून देतात. नंबर लिहायला कां-कूं केली की पुढच्या दुकानात. गॅरेजवाला स्वतः पार्ट आणणार असेल तर जुने पार्ट आणि नवी खोकी परत मागेन हे आधीच सांगून ठेवा, नंतर नाही. त्याच्याकडे क्रँक आणि कॅम लॉक करायचं टूल आहे का हेही विचारा. खडूच्या खुणेवर टायमिंग जुळवणाऱ्याच्या हातात उत्तम किटही वाया जातं. मारुतीचं आणि सप्लायरचं किट यांत फार फरक नसेल तर मी मारुतीचं घेईन, कारण त्यात गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट एकाच मापाचे आहेत का याची चिंता उरत नाही. सप्लायरचं घेतलंत तर त्यात सगळं आहे ना ते मोजा. कित्येकदा चेन त्याची आणि बाकी सामान दुसऱ्याच कुणाचं असतं.

चेन बदलल्यावर पहिलं ऑइल नेहमीपेक्षा बरंच लवकर, दोन-अडीच हजार किलोमीटरवर काढायला सांगा, आणि फिल्टरचा कागद उलगडून उन्हात धरा. चकचकीत कण किंवा प्लॅस्टिकचे कपचे दिसले तर गाडी सुरू न करता मला इथेच फोटो टाका.