बॅसिलियाच्या सैन्यात ड्वार्फांची तोफ घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, किंग्ज ऑफ वॉर या टेबलावर छोट्या बाहुल्यांनी खेळायच्या युद्धखेळात 2000 पॉइंटचं (प्रत्येक पथकाची किंमत पॉइंटांत असते) बॅसिलियन सैन्य आहे, लांबून मारा करणारं धड काही नाही, तर अलाय (दुसऱ्या सैन्यातून उसनी घेतलेली पथकं) म्हणून ड्वार्फांची तोफ घ्यावी की एल्फांचे तिरंदाज. तोफेचं नाव वाचलं आणि लिहायला बसलो, कारण हीच चूक मी केली आहे.

तिसऱ्या आवृत्तीत अलायना 25 टक्के, म्हणजे 500 पॉइंट मिळतात. हे तुम्हाला माहीत असेलच. मुद्दा अनलॉकचा आहे, म्हणजे मोठं पथक घेतलं तरच तोफ, हीरो वगैरे घेता येतात. अलायना आपलं अनलॉक आपणच करावं लागतं. तुमच्या बॅसिलियन हॉर्डचा (मोठ्या पथकाचा) त्यांना काडीचा उपयोग नाही. आणि रेजिमेंट (हॉर्डहून लहान पथक) घेतलीत तर तोफ किंवा हीरो, दोन्हींपैकी एकच येतो. हॉर्ड घेतली तर दोन्ही येतात.

माझ्या यादीत आयर्नक्लॅड या ड्वार्फ पायदळाची हॉर्ड होती, सोबत तोफ आणि झेंडेवाला, तोही हीरोच. माझा नेहमीचा जोडीदार म्हणाला, "हॉर्ड कशाला? रेजिमेंट घे, तोफ घे, उरलेल्या पॉइंटांत एलोही (बॅसिलियाचे पंखवाले योद्धे) वाढव." मी ऐकलं, आणि झेंडेवाला गेला. वीस ड्वार्फ रंगवायला मला दोन महिने लागले होते, प्रत्येकाच्या दाढीला तीन थर. तिसऱ्या टर्नला गोर रायडर, ऑर्कांचे स्वार, त्यांच्यावर येऊन आदळले. समोरच्याने नर्व्हचे फासे टाकले (पथक टिकतं की मोडतं ते यावर ठरतं), सहा आणि पाच. आमचा हाय पॅलाडिन, बॅसिलियाचा हीरो, शेजारीच उभा होता; तो इन्स्पायरिंग आहे, म्हणजे जवळचं पथक मोडलं तर समोरच्याला फासे परत टाकावे लागतात. मी म्हणालो, "इन्स्पायरिंग आहे, परत टाक." तो म्हणाला, "ते ड्वार्फांना लागू नाही." बरोबर होतं त्याचं. ड्वार्फांचा झेंडेवाला असता, तोही इन्स्पायरिंगच, तर समोरच्याला फासे परत टाकावे लागले असते, आणि दोन फाशांवर पुन्हा अकरा काही सहज पडत नाहीत. मी वीसच्या वीस ड्वार्फ टेबलावरून उचलले. पुढच्या टर्नला तोफही गेली.

जोडीदार आजही म्हणतो की फासे वाईट पडले. फाशांचा काही संबंध नाही! अलाय म्हणजे भोक बुजवायची चिंधी नव्हे, ते स्वतःच्या पायावर उभं राहणारं छोटं सैन्य असतं. ज्यांच्यात स्वतःचा इन्स्पायरिंगवाला नाही, ते अलाय घेऊच नयेत. पॉइंट वाचवण्याचा हिशेब मला कुणी सांगू नये.

हे सगळं किंग्ज ऑफ वॉरच्या तिसऱ्या आवृत्तीपुरतं. एज ऑफ सिगमार या अशाच दुसऱ्या खेळात 2024च्या आवृत्तीपासून जुने अलाय गेले, त्यांच्या जागी ठरावीक पथकांचे तयार गट, रेजिमेंट्स ऑफ रिनाउन, घ्यावे लागतात. आणि किंग्ज ऑफ वॉरमध्येच 2000पेक्षा लहान खेळ असेल तर 25 टक्क्यांत हॉर्ड, तोफ आणि झेंडेवाला एकत्र बसतीलच असं नाही. तेव्हा तोफ सोडा, झेंडेवाला ठेवा.

तिरंदाजांचं म्हणाल तर मी एल्फ कधी खेळलो नाही. पण घेतलेत तर त्यांच्यासोबत एल्फांचाच हीरो घ्या, तुमचा पॅलाडिन त्यांना वाचवणार नाही.