मुंबईत ६ माळी घेऊन बागकामाची सेवा सुरू करतोय. ग्लोव्हज, बूट आणि अपघात विमा एवढं पुरेसं आहे का?

नाही. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'कामं साधीच आहेत, बाल्कन्या, गच्च्या आणि दोन-तीन सोसायट्यांचे लॉन'. ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. आमचंही काम साधंच होतं.

बाबा राणीच्या बागेत माळी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलुंडला सोसायट्यांची कामं धरली आणि त्यांच्यामागे ती मी आणि दादाने वाढवली. ही गोष्ट २०११ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच सगळं एकदम हवं असतं. कुंड्यांची माती बदला, हेज छाटा, शेणखत टाका. त्या दिवशी एका चार मजली जुन्या सोसायटीत आमची तीन माणसं होती. त्यातले तात्या सगळ्यांत जुने, बाबांच्या वेळेपासूनचे, संगमेश्वरकडचे. पंचावन्नच्या आसपास वय, कमरेला कोयता, पायात स्लीपर.

काम उरकत आलं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले आणि वर बोट दाखवून म्हणाले, "तात्या, जाता जाता तेवढं पिंपळाचं रोप काढून टाका की." पहिल्या मजल्याच्या खिडकीवरच्या छज्ज्याला लागून सांडपाण्याचा पाइप जात होता, त्याच्या सांध्यात हातभर पिंपळ उगवला होता. मुंबईतल्या जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगायला नको. मी दहा फुटांवर टेम्पोत रिकाम्या गोण्या भरत होते. मी ते ऐकलं. वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे, सेक्रेटरींना कशाला दुखवा, जूनमध्ये वर्षाचं कंत्राट नव्याने व्हायचं आहे.

तात्या जिन्याच्या खिडकीतून छज्ज्यावर उतरले. वरून छज्जा ठणठणीत दिसत होता, रंगही ताजा होता. एक पाय भिंतीला लावून त्यांनी रोप दोन्ही हातांनी ओढलं आणि छज्ज्याची कड त्यांच्यासकट खाली आली. नंतर मी ते तुकडे हातात घेऊन पाहिले. सिमेंटच्या आतल्या सळ्या गंजून पापुद्रे सुटलेल्या, बोटांनी चुरा व्हावा अशा. पिंपळाची केसासारखी मुळं त्या सळ्यांना धरून आतपर्यंत गेली होती. जिथे पिंपळ रुजतो तिथे पाणी मुरलेलं असतं, आणि पाणी मुरलेलं असतं तिथे सळी कुजलेली असते. म्हणजे रोप काढायला माणूस जिथे उभा राहतो, नेमकी तीच जागा इमारतीत सगळ्यांत कच्ची असते. इतकी वर्षं झाडांत घालवून हे मला त्या दिवशी कळलं.

पंधरा फूट असतील. तात्या टाचांवर पडले आणि तसेच मागे कोसळले. डाव्या टाचेचं हाड फुटलं, कमरेचा मणका दबला आणि कमरेचा कोयता मांडीत गेला. चार जण धावले आणि हातापायांना धरून त्यांना रिक्षात घालायला निघाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा मणका मोडलेला असू शकतो, त्याला असं दुमडून उचलायचं नसतं. मी ओरडून थांबवलं. वॉचमनच्या केबिनचं जुनं दार भिंतीला लावून ठेवलेलं होतं, ते आडवं घातलं, तात्यांना त्यावर न वाकवता सरकवलं, मांडीवर ओढणीची घडी दाबून धरली आणि आमच्याच टेम्पोतून नेलं. १०८ ची रुग्णवाहिका तेव्हा नव्हती. डॉक्टर म्हणाले, दारावरून आणलंत म्हणून पाय वाचले.

आता दादाचं ऐका. संध्याकाळी तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "त्यांना चढायला कोणी सांगितलं होतं? आपल्या कामात होतं का ते?" सोसायटी म्हणाली, माणूस कंत्राटदाराचा. विमावाले म्हणाले, फॉर्मवर 'माळीकाम' लिहिलंय, मग हे गृहस्थ छज्ज्यावर काय करत होते? प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे, आणि मधे तात्या उताणे. विम्याचे पैसे आले, पण आठ महिन्यांनी आणि अर्धेमुर्धे. बाकीचं मी बाबांनी माझ्या नावावर ठेवलेल्या पैशांतून भरलं. दादाला ते आवडलं नाही. आज इतक्या वर्षांनीही भाऊबीजेला विषय निघाला की तो म्हणतो, तू भावनेच्या भरात वागलीस.

भावनेचा प्रश्नच नव्हता, कायदा तेच सांगतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून तत्त्व हेच आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आलंय: कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई मालकाने द्यायची. माणूस दारूच्या नशेत असला, स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला किंवा दिलेलं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, तर सुटका आहे; पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ती सुटकाही नाही. 'चढू नका' असा हुकूम आम्ही तात्यांना कधी दिलाच नव्हता. उलट 'गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही' हे दादाचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मग चढायला कोणी सांगितलं, हा प्रश्न उरतो कुठे?

म्हणून सहा जोड्या ग्लोव्हज घेण्याआधी काम काय आणि काय नाही ते कागदावर उतरवा. ठरलेलं काम करताना माझ्या माणसांना ओरखडे आले, काटे घुसले, पण हाडं मोडली ती 'जाता जाता'च्या कामात. आमच्या प्रत्येक बिलावर आता छापलेलं असतं: छज्जा, कठडा, डक्ट, पाइप, पत्रा यांवरचं काम आमचे माळी करणार नाहीत, माळ्याला थेट सांगू नये, कार्यालयाला फोन करावा. आणि माळ्याला मी समोर उभं करून म्हणायला लावते, "ताईंना विचारा." नुसतं 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही, समोर साहेब उभे असतात. 'ताईंना विचारा' जमतं. माझ्यावर दोन सोसायट्या रुसल्या, एकीने कंत्राट काढून घेतलं. काढू दे.

पिंपळ काढायचाच नाही असं माझं म्हणणं नाही, तो काढलाच पाहिजे. पण ते परांची बांधून सिव्हिलवाल्याने करायचं काम आहे, मूळ काढून लगेच सांधा बुजवायचा असतो. उंचीवरचं काम तुम्ही घेणारच असाल तर कमरेचा नुसता पट्टा घेऊ नका, पडल्यावर तोच कंबर मोडतो. खांदे-मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलाय का बघा, आणि तो कशाला अडकवणार ते माणूस वर चढायच्या आधी ठरवा. खिडकीच्या ग्रिलला अडकवतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो.

विमा हवाच. पण नुसती अपघात पॉलिसी घेऊन थांबू नका, मालकाने द्यायची भरपाई भरून देणारी, सगळे जिला 'वर्कमेन कॉम्प' म्हणतात, ती घ्या आणि कामाच्या वर्णनात फवारणी, मशीन, शिडी सगळं लिहा. माणसं १० झाली की ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेचं, पाहावं लागेल, २१,००० पर्यंत पगार असलेले त्यात येतात.

ग्लोव्हज-बुटांचं विचारलंत तर बूट आधी, आणि तेही गमबूट. जुलै-ऑगस्टमध्ये साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत्र असतं, भेगाळलेल्या टाचेतून लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा, जंतू शिरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईने ते भोगलंय. पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्याला २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पाठवा, प्रतिबंधक गोळी असते. ताप येईपर्यंत थांबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कोणी कधी घेतलंय त्याची वही ठेवा.

फवारणीचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत, ते मला खटकलं. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. घरांच्या बाल्कनीत लाल-पिवळ्याचं काय काम? जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्याने आणि कडुनिंबाच्या तेलाने जातो, फक्त दर आठवड्याला हात मारावा लागतो. आणि औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा. यवतमाळला २०१७ साली कपाशीवर फवारताना माणसं गेली, ती आपल्याच माळ्यांसारखी माणसं होती, उघड्या तोंडाने, वाऱ्याच्या दिशेकडे न बघता फवारणारी. तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झालेली दिसली तर कपडे उतरवा, अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच हॉस्पिटल गाठा. डॉक्टरांना नाव कळलं तर उतारा लवकर देता येतो.

गवताच्या मशीनचा गार्ड अडचण होते म्हणून पोरं काढून ठेवतात, खडा गोळीसारखा उडतो. डोळ्यांना चष्मा, आणि १५ मीटरच्या आत कोणी नको, मुलं तर नाहीच. विजेवरचं मशीन असेल तर ओल्या लॉनवर ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीशिवाय, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, चालवू नका. सोसायटीच्या मीटररूममध्ये तो असेलच असं धरून चालू नका, स्वतःचा बोर्ड न्या.

फांद्या तोडायला पालिकेची परवानगी लागते, १९७५ चा वृक्ष कायदा आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच. मी कायद्याची जाणकार नाही, माझ्यावर आलं तेवढंच लिहिलंय, तुमच्या कागदांसाठी वकील किंवा कामगार सल्लागार गाठा. आणि हे सगळं केलंत की तुमचा दर शेजारच्यापेक्षा जास्त होईल, पहिलं वर्ष जड जाईल, तेही आधीच सांगते.

तात्या आता आमच्या नर्सरीत आहेत. उकिडवं बसता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कमरेइतक्या उंचीचं टेबल करून घेतलंय, रोपं ते उभ्यानेच लावतात. सकाळी टेम्पो निघताना ते प्रत्येकाच्या पायांकडे बघतात. स्लीपर दिसली की टेम्पो थांबतो, बूट घालून झाले की मगच तो मुलुंडच्या बाहेर पडतो. बूट कोणत्या मापाचे घ्यायचे, ते विचारायला मात्र स्वतः माळ्यांकडे जा. सरसकट आठ नंबर आणलेत तर ते गोदामातच राहतील.