गरम झाल्यावर चढाला दम टाकणारी गाडी

अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर आपली पेट्रोल गाडी चढाला दम टाकते, एक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग उतरत जातो, दहा मिनिटे बंद ठेवली की ती पुन्हा नीट ओढते, इंजिनचा दिवा लागत नाही आणि प्लग व एअर फिल्टर बदलूनही फरक पडलेला नाही, असे आपण लिहिले आहे. यातली ती दहा मिनिटे सर्वांत मोलाची आहेत. थंड झाल्यावर नाहीसा होणारा दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सहसा सापडत नाही. म्हणून आता आणखी एकही पार्ट विकत घेण्याआधी, ताकद जात असतानाचे आकडे मिळवावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

आधी आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) काटा पाहावा. काटा वर चढतो पण गाडी वेग घेत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे आणि इंजिनचा त्यात दोष नाही. काटा एकदम शून्यावर येऊन इंजिन बंद पडत असेल, तर गरम झाल्यावर दगा देणाऱ्या क्रँक सेन्सरवर (इंजिनच्या फिरण्याची नोंद घेणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यावा. गचके बसत असतील तर प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल तपासावी. आपल्या वर्णनाप्रमाणे आरपीएम आणि वेग दोन्ही सावकाश उतरत असतील, तर इंजिनला पुरेसे पेट्रोल मिळत नसावे किंवा सायलेन्सरकडची वाट तुंबलेली असावी.

या दोहोंतला फरक गाडीला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या साध्या स्कॅनरवरही कळतो. सोबतच्या माणसाने (गाडी चालवणाऱ्याने मुळीच नाही) चढावर पूर्ण एक्सिलरेटर असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचे, म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या सेन्सरचे, व्होल्टेज पाहावे. सेन्सर जुन्या, साध्या पद्धतीचा असेल तर ते ०.८ ते ०.९ व्होल्टच्या आसपास राहायला हवे. ताकद जाताना तेच ०.१ ते ०.२ पर्यंत घसरले आणि गचके नसतील, तर पेट्रोल कमी पडते आहे, असे समजावे. गचके असल्यास मात्र न जळलेल्या हवेमुळेही तसेच आकडे दिसतात.

पेट्रोल कमी पडते म्हणजे पंप गेला, असे लगेच ठरवू नये. मी स्वतः ही चूक केली आहे. अगदी आपल्यासारखीच तक्रार होती म्हणून मी नवा पंप बसवून घेतला, आणि आठवडाभराने गाडी त्याच चढावर तशीच थांबली. शेवटी मागची सीट उचलून पंपाचा कपलर (वायरींचा जोड) सोडवला, तेव्हा अर्थिंगच्या पिनभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेले दिसले. सैल पिन गरम होत होती, त्यामुळे तिचा रोध वाढत होता, पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत नव्हते आणि दाब पडत होता; थंड झाल्यावर सारे पूर्ववत होई. पंप चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या अर्थ पिनपर्यंत मल्टिमीटर लावला असता, तर अर्ध्या व्होल्टहून जास्त घट लगेच दिसली असती. पॉझिटिव्ह बाजूची आणि पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचीही अशीच तपासणी करावी.

विद्युतपुरवठा चांगला असेल तरच इंधनाचा दाब मोजावा. पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण गरम सायलेन्सरवर दाबाखालचे पेट्रोल उडाले तर पेट घेते.

एक चाचणी मात्र फुकट आहे. पुढच्या वेळी गाडी दमली की सुरक्षित जागी थांबून, इंजिन बंद करून पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा जोरात आत ओढली गेली आणि गाडी तत्काळ सुधारली, तर टाकीला हवा देणारी वाट बंद आहे.

कन्व्हर्टर तुंबल्याची शक्यता मी नंतर धरेन, कारण तो दहा मिनिटांत सहसा मोकळा होत नाही. तरीही वरचे सर्व ठीक निघाले, तर ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून २५०० आरपीएमला मागचा दाब मोजावा; तो ०.२ बारच्या वर गेला तर अडथळा आहे. कन्व्हर्टर नवा बसवण्याआधी जुना कशाने तुंबला, मिसिंगने (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने) की ऑइल जळल्याने, हे शोधावे, नाहीतर नवाही तसाच जाईल.

तोवर गर्दीच्या रस्त्यावर ही गाडी ओव्हरटेकसाठी बाहेर काढू नये.