जामीन मिळाला म्हणजे आमदारकी मिळाली असं नाही

"साहेबांना शिक्षा झाली, पण वरच्या कोर्टाने जामीन दिलाय. पुढच्या विधानसभेला उभे राहतील ना? तोवर मी पंचायत समितीचा विचार बाजूला ठेवू का?" एका तरुण कार्यकर्त्याने हे विचारलंय. वाचलं आणि २०१६ सालचा मीच समोर दिसलो.

मी वकील नाही, चूकभूल द्यावी घ्यावी. पण शिक्षेला स्थगिती वेगळी आणि दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती वेगळी. पहिलीने माणूस बाहेर येतो, एवढंच. अपात्रता थांबते ती दुसरीने. पूर्वी अपील केलं की पद वाचायचं. सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०१३ ला ती वाट बंद केली. आता दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली की त्याच दिवसापासून अपात्र, सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं घरी.

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर मतदारसंघाचं बघा. नागपूर जिल्हा बँकेच्या रोखे घोटाळ्यात काँग्रेसचे आमदार सुनील केदारांना २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षं लागली आणि आमदारकी गेली. जानेवारीत जामीन झाला, पण दोषसिद्धीला स्थगिती मिळाली नाही. २०२४ ला तिकीट पत्नीला गेलं, जागा भाजपच्या आशिष देशमुखांनी घेतली. राहुल गांधींची खासदारकी ऑगस्ट २०२३ मध्ये परत आली, कारण तिथे दोषसिद्धीलाच स्थगिती होती.

आमच्या साहेबांना (नाव नको, तालुका लहान आहे) जामीन झाला त्या दिवशी मी गुलाल उधळत होतो. ऑर्डर कुणीच वाचली नव्हती. "साहेब येतायत, तुझं पुढच्या वेळी बघू" असं साहेबांची माणसं म्हणाली, मी थांबलो. आमचा गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) ओबीसीला सुटला होता. राखीव जागेला जात पडताळणी लागते, पण थांबण्याच्या नादात तिचा अर्ज मी शेवटच्या आठवड्यात घेऊन गेलो. तेव्हा अर्जाची पोच जोडली तरी फॉर्म भरता यायचा, पण त्या कार्यालयाने ती पोचही दिली नाही. पहिल्या दिवशी आजोबांच्या दाखल्यात आडनावाची वेलांटी चुकली म्हणून परत. दुसऱ्या दिवशी तिथले अधिकारी मीटिंगला. तिसऱ्या दिवशी म्हणे प्रतिज्ञापत्राचा नमुना जुना आहे, आणि नवा कुठे मिळतो ते बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा! हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मुदत गेली. २०१७ ला आमच्या गणातून उभे राहिले ते साहेबांचे पुतणे. त्यांची पडताळणी वर्षभर आधीच झालेली होती.

माझं मत एकांगी असेल, पण साहेब अडकले की तिकीट साहेबांच्या घरात जातं. कार्यकर्त्याला फक्त "थांब" मिळतं. तू पडताळणीचा अर्ज या आठवड्यात टाक, लढायचं नसलं तरी. आणि ई-कोर्ट्स ॲपवर केस नंबर टाकून ऑर्डर स्वतः वाच, पीएचं ऐकू नकोस.

मंडपवाल्याशी व्यवहार तुझ्या नावावर करू नकोस. त्या जल्लोषाचं बिल मी दोन दिवाळ्या फेडत होतो.