जुन्या मोबाइलमधलं सोनं रोबोट खरंच काढतो का?

सोनं नाही काढत, फोन सुटा करतो. ॲपलचा 2018 मधला डेझी रोबोट घ्या: तासाला 200 आयफोनपर्यंत. बॅटरीवर उणे 80 अंशांची हवा मारली की गोंद सुटतो. स्क्रू फिरवत बसत नाही, सरळ ठोकून पाडतो. सोनं वेगळं होतं ते पुढे, धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्यात. तेही ॲपलच्या तेव्हाच्या हिशेबाने 1 लाख फोनमागे जेमतेम 0.97 किलो, कोबाल्ट मात्र 770 किलो! सगळ्याचा भुगा केला तर स्पीकरच्या चुंबकातले दुर्मिळ धातू लोखंडाला चिकटून वाया जातात, म्हणून हा खटाटोप.

कॅमेऱ्याने भंगार ओळखून उचलणारे रोबोट हवेत? मग फिनलंडच्या झेनरोबोटिक्सचे बघा. बांधकामाच्या राडारोड्यातून लाकूड, धातू, दगड वेगळे करतात.